पात्यावरचं नाव

माघातला दुसरा रविवार, सकाळी न्याहारीनंतर. जागा: फोपनारच्या घराची ओसरी. हजर: बाबा, आई, मी. फोनच्या पडद्यावर धाकटा भाऊ. तो परदेशात असतो, त्याच्याकडे अजून उजाडायचं होतं, म्हणून तो पांघरुणासकट हजर होता. गैरहजर: चाकू. बैठक त्याच्यावरच होती.

असं टिपण करायची सवय मला बँकेने लावली. त्या वर्षांत आमच्या बँकेचं एका मोठ्या बँकेत विलीनीकरण चाललं होतं आणि बऱ्हाणपूरच्या शाखेत मी दिवसभर याद्याच करत होते. कोणते फॉर्म जुने झाले, कोणते नवे आले, कोणत्या खातेदाराची सही परत घ्यायची. घरच्या गोष्टीही मग मी तशाच लिहून ठेवायला लागले. नाहीतर आमच्याकडे एकाच विषयावर दर सणाला भांडण होतं आणि दर वेळी निर्णय वेगळा निघतो.

तर चाकू.

बाबा केळीचे शेतकरी. त्यांच्या खिशात घडीचा चाकू नाही असा दिवस मला आठवत नाही. ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, घडाखालचं कमळ, म्हणजे केळफूल, छाटायचं, आणि घरी आल्यावर तोच चाकू आईच्या देखत धुऊन पेरू कापायचा. मग त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. डाव्या हाताने त्यांनी जेवण जमवलं, बंडीची बटणं जमवली. सही जमली नाही. बँकेत नव्याने सह्या घेतल्या गेल्या तेव्हा त्यांची सही जुन्या कार्डाशी जुळेना, आणि नियमाप्रमाणे त्यांचा अंगठा घेतला गेला. शाई पुसायला मी चिंधी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, धोतराला बोट पुसलं आणि बाहेर जाऊन बसले.

चाकूही जमेना, कारण घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. ते तो दातात धरून उघडायला लागले. एकदा ओठ कापला. आईने चाकू काढून घेतला, आणि तेव्हापासून बाबा शेतात जाईनासे झाले. रिकाम्या हाताने जाऊन काय करू, सालदाराच्या मागे मागे फिरू का, एवढंच म्हणायचे. दिवसभर ओसरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरमधला माल बघायचे आणि प्रत्येक घडात खोट काढायचे.

ते ऐकून भावाने हा नवा चाकू आणला. एका अंगठ्याने उघडणारा, नावाजलेल्या परदेशी कंपनीचा, आजीवन वॉरंटीचा. किंमत त्याने सांगितली नाही आणि आईने विचारायचं थांबवलं नाही. पात्याला अंगठ्यासाठी छोटा खुंटा होता. तो ढकलला की पातं उघडायचं आणि आतून एक पोलादी पट्टी त्याच्या मागे सरकून बसायची. पट्टी बसलेली असेपर्यंत पातं मिटत नाही. सुंदर वस्तू होती, यात वाद नाही. अडचण एकच, जी भावाला दुकानात कळायला हवी होती. चाकू उजव्या हाताचा होता.

खुंटा चुकीच्या बाजूला. खिशाला अडकवायची क्लिप चुकीच्या बाजूला. मूठ गुळगुळीत धातूची, म्हणजे केळीचा चीक लागला की हातातून निसटणार. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं ताई, त्यात बदल करून घे ना, तिकडे लोक हौसेने चाकूंत असे बदल करून घेतात." तिकडे घेत असतील. मी वॉरंटीचं कार्ड वाचलं. घरात ते वाचणारी मी एकटीच. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चाकूत परस्पर बदल केला तर वॉरंटी संपली.

मी कंपनीच्या इथल्या सेवाकेंद्राला पत्र लिहिलं. उत्तर आलं, बरं आलं. खुंटा दुसऱ्या बाजूला फिरवता येईल. मुठीच्या पट्ट्या बदलता येतील, मात्र मूळच्या जपून ठेवायच्या आणि दुरुस्तीला पाठवताना परत बसवायच्या. नवं भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, तापवायचं नाही, पात्याला काही करायचं नाही. मी त्या उत्तराची छापील प्रत काढली आणि ती घेऊन बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात गेले.

राजपुऱ्यात एक खरादवाला, म्हणजे लेथवाला, आहे. पॉवरलूमचे सुटे भाग बनवतो. त्याने चाकू उलटसुलट करून पाहिला आणि क्लिपसाठी दोन भोकं पाडतो म्हणाला. मी नाही म्हटलं. मग खुंट्याला आतून आटा पाडतो म्हणाला. मी पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. "मॅडम, चाकू वापरायचा हाय का लॉकरमध्ये ठेवायचा?" त्याच्या दुकानातले दोघेही हसले. पण काम त्याने मन लावून केलं. मुठीच्या पट्ट्या त्याने मागातल्या एका बाद धोट्याच्या लाकडातून काढल्या. सूत जाऊन जाऊन ते लाकूड असं गुळगुळीत झालेलं असतं, तरी हाताला धरून राहतं. क्लिपचं काम आईने सोडवलं. बंडीला डाव्या बाजूला एक अरुंद, खोल खिसा शिवला. मूळच्या पट्ट्या, स्क्रू आणि क्लिप मी एका डबीत घातले, डबीवर चिठ्ठी लावली आणि डबी माझ्या कपाटात ठेवली.

मग बाबा शेतात जायला लागले. आधी बांधापर्यंत, मग आतल्या ओळीत. त्यांना ओसरीवर बघायची मला इतकी सवय झाली होती की एका रविवारी गेले तेव्हा रिकामी खाट पाहून मी आईला हाका मारत आत धावले. आई म्हणाली, कमळं छाटायला गेलेत, दुपारपर्यंत येत नाहीत. चिकाने पातं काळंकुट्ट झालं होतं आणि बाबांना त्याचा अभिमान होता.

एक हंगाम छान गेला. पुढच्या हंगामात ठिबकची नळी कापताना आतली पट्टी घसरली आणि पातं बाबांच्या बोटांवर मिटलं. डाव्या हाताच्या, चालत्या हाताच्या. टाके पडले. आईने चाकू कापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात टाकला आणि जाहीर केलं की पट्टी नीट झाल्याशिवाय तो बाहेर येणार नाही. बाबा परत खाटेवर.

मला तरीही काळजी नव्हती. पट्टी घसरणं हा कंपनीचाच दोष, वॉरंटीत तो शब्दही होता. मी डबी काढली, पातं मिटलेलंच ठेवून मुठीच्या मूळच्या पट्ट्या बसवल्या, खुंटा फिरवला, पत्राची प्रत जोडली आणि पार्सल रवाना केलं. इतकं नीट काम मी बँकेसाठीही केलं नसेल.

उत्तर बँकेत असताना आलं. काउंटरवर रांग होती, जैनाबादचे एक गृहस्थ जुन्या पासबुकाची पानं परत द्या म्हणून अडून बसले होते, आणि माझ्या फोनवर एक फोटो उघडला. कंपनीने पातं स्वच्छ केलं होतं. चीक गेला होता आणि त्याखाली, मुठीलगत, मिटल्यावर जो भाग आत जातो तिथे, बाबांचं पूर्ण नाव कोरलेलं होतं. देवनागरीत. वाकडंतिकडं, शिरोरेघ खाली उतरत गेलेली. फोटोखाली एक ओळ: पात्यावर अनधिकृत कोरीवकाम, वॉरंटी रद्द.

मी त्या गृहस्थांना कुठली पानं दिली मला आठवत नाही.

कोणी कोरलं हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात बिननावाचं भांडं नाही. वाटी असो, परात असो, दिलेली असो की आलेली, आई भांड्याच्या दुकानात नेते आणि मशीनच्या पेनाने नाव घालून आणते. मी फोन केला तर तिने लगेच कबूल केलं. भाचीच्या लग्नाच्या भांड्यांबरोबर चाकूही नेला होता. "एवढी महागाची वस्तू, नाव नको? मजुरांत हरवली तर कोणाची म्हणून सांगायची?" मी म्हटलं, विचारायचं तरी. ती म्हणाली, भांड्यावर नाव घालताना आजवर कोणाला विचारलं?

सेवाकेंद्रातल्या मुलाशी मी भांडले. तो हिंदीत अतिशय नम्र होता, आणि नम्र माणसाशी भांडण्याइतकं दमवणारं काही नाही. मी म्हटलं, पट्टी आत, नाव पात्यावर, दोन्हींचा संबंध काय? तो म्हणाला, मॅडम, आपकी बात सही है, लेकिन मार्किंग है. मी म्हटलं, भोक नाही, घासलेलं नाही, तापवलेलं नाही. तो म्हणाला, जी मॅडम, लेकिन मार्किंग है. शेवटी वरच्या साहेबांना विचारून त्याने दोन पर्याय दिले. त्या दोन पर्यायांसाठी ही रविवारची बैठक.

मी वाचून दाखवलं. पहिला: थोडे पैसे भरायचे, कंपनी नवं पातं आणि नवी पट्टी बसवणार, वॉरंटी पुन्हा सुरू, जुनं पातं नियमाप्रमाणे नष्ट करणार. दुसरा: चाकू आहे तसा परत, दुरुस्ती नाही, वॉरंटी कायमची संपली. माझं मत पहिल्याला. भावाचं मत पहिल्याला, आणि पैसे तो भरणार. मी तसं लिहायलाही घेतलं.

"दुसरं," बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी परत वाचलं. ते परत म्हणाले, दुसरं. तेव्हा माझा संयम सुटला. महिनोन् महिने मी पत्रं लिहिली, डबी जपली, खरादवाल्याच्या दुकानात हसं करून घेतलं, ते कशासाठी? परत पट्टी घसरली तर? बोटं गेली तर? आणि नावाचंच म्हणाल तर घरातल्या प्रत्येक डब्यावर तुमचं नाव आहे, एका पात्यावरचं गेलं तर काय बिघडलं? वर मी हेही म्हटलं की त्या भांडेवाल्याने ते धड कोरलेलंसुद्धा नाही, लहान पोराने गिरवल्यासारखी अक्षरं आहेत, त्याच्याकडे जाऊन मी पैसे परत मागणार आहे.

आईने अजून मत दिलं नव्हतं. आमच्याकडे असं होत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ती म्हणाली, "बाई, ते अक्षर भांडेवाल्याचं नही. त्यांचं हाय."

मग तिने सांगितलं. बँकेत अंगठा लावून आल्यावर बाबा दुपारी कोठीच्या खोलीत दार लोटून बसायला लागले होते. डाव्या हाताने नाव लिहायचे. खताच्या पावत्यांच्या मागे, पंचांगाच्या कोऱ्या जागेत. मला सांगायचं नाही असं त्यांनी तिला बजावलं होतं. खूप कागद फुकट गेले. मग एक चांगलं निघालं. तो कागद आईने भांडेवाल्यापुढे ठेवला आणि सांगितलं, याच्यावरून गिरव, सुधारू नको.

पडद्यावर भाऊ उठून बसला होता. 

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते एकच नीट आलं होतं. मोडून टाकू म्हणतात, तर कसं देऊ?" आणि मग, हिशेबाची साधी गोष्ट विचारावी तसं, "तुह्या बँकेत हे चाललं असतं का?"

मी खरं ते सांगितलं. पात्यावरचं नाही चालत, कार्डावर अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते, आणि तशीच पुन्हा पुन्हा यावी लागते. डाव्या हाताची चालते. त्यांनी टाके पडलेली बोटं उघडून मिटून पाहिली. "मंग हात कामात पाहिजे," म्हणाले. "आधी चाकू आन."

निर्णय: दुसरा पर्याय. एकमताने असं मी लिहिलं नाही, कारण आईने अट घातली. परत आला तरी पट्टी पक्की बसल्याशिवाय चाकू बाबांच्या हातात जाणार नाही. ती अट बाबांनाही मान्य करावी लागली.

चाकू परत आला. पात्याला कंपनीने तेल लावलं होतं आणि सोबत वॉरंटी संपल्याचा कागद होता. तो मी फाडला. माझ्या हातून कागद फाटल्याचा तेवढा एकच प्रसंग असेल. मूळच्या स्क्रूंच्या डबीवरची चिठ्ठीही काढली, त्या डबीत आई आता लवंगा ठेवते.

मी चाकू घेऊन राजपुऱ्यात गेले. खरादवाल्याने तो उघडला, आतली पट्टी नखाने दाबून पाहिली आणि विचारलं, "आता तरी भोक पाडू का, मॅडम?" मी म्हटलं, पाडा, जिथे लागेल तिथे पाडा, फक्त पात्याला हात लावू नका. त्याने नावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी दुकानात कोणी हसलं नाही. पट्टी नवीन करावी लागेल म्हणाला. पोलाद लवचिकही हवं आणि कडकही हवं, त्याच्याकडचं कच्चं आहे, मागाच्या भागांबरोबर मागवतो. पुढच्या वेळी गेले तर माल आला नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी माल आला होता, पण पोलाद चुकीच्या प्रकारचं निघालं. त्याच्याशी मी भांडले. तो म्हणाला, घाई असेल तर कशीबशी बसवून देतो, बोटं तुमच्या बाबांची.

बाबांचे टाके निघाले आहेत. ते सकाळी बंडी घालतात, डावीकडचा खिसा चाचपतात आणि खाटेवर बसतात. सहीचं एक कोरं कार्ड मी सरावाला म्हणून घरी आणून ठेवलं आहे. त्याला त्यांनी अजून हात लावलेला नाही, आणि मी विचारलेलं नाही.

चाकू राजपुऱ्यात आहे. पट्टी अजून बसायची आहे.