गौलीगुड्याचा पत्ता

माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगून सुटणार होता. गल्लीतल्या आठ वर्षांच्या मुलीवर त्यानं अत्याचार केला होता. हे वाक्य मी एका दमात सांगायला शिकले आहे. आडवळणानं सांगितलं की ऐकणारा भलतीच सहानुभूती दाखवतो.

त्याला अटक झाल्यावर महिन्याभरात आम्ही गौलीगुडा सोडून त्याच शहरातल्या काचीगुड्याला आलो. सगळ्यांच्या कागदांवरचा पत्ता मी बदलून घेतला, त्याच्या नाही. आई बदलू देईना. म्हणायची, "तिथलं नाव काढलं तर लोक म्हणतील, पळाले." पळालोच होतो. पुढं आई गेली, तरी ते काम तसंच राहिलं.

सुटकेआधी तुरुंगातून त्याचा तो जुनाच पत्ता पोलीस ठाण्यात गेला. जमादार चौकशीला गौलीगुड्याला गेला आणि दारोदार विचारत सुटला, हा माणूस इथं राहायला येतोय, कुणाची हरकत आहे का? तिसरं दार त्या मुलीचं. तिनंच उघडलं. ती आता सतरा वर्षांची आहे.

तिच्या आईचा फोन आला, नऊ वर्षांत पहिला. मी गेले. तिनं आत बोलावलं नाही.

"चूक माझी आहे, वहिनी. पत्ता बदलायचा राहिला."

"तुमच्याकडून राहिला? आमचे रेशनचे अर्जसुद्धा तुम्ही भरून द्यायचात. पोरगी दोन दिवस जेवली नाही."

"तो इथं येणार नाही."

आतून मुलीचा आवाज आला, "आई, लेखी देतात का विचार."

मी तशीच ठाण्यात गेले. जमादारानं रजिस्टर उघडलं. फोटो, बोटांचे ठसे, पत्ता.

"दुसरा पता देव मॅडम. नहीं तो यहीच रहता."

मी माझा दिला.

"घर में कौन कौन है?"

"मी एकटी. संध्याकाळी शिकवणीला अकरा मुली येतात."

त्याचं पेन थांबलं. "वो तो नक्को, मॅडम."

"बंद करतेय. लिहा."

पोलिसांची ती नोंद शेजाऱ्यांना बघायला मिळत नाही. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण एक गल्ली झाली होती, दुसरी नको होती. त्या आठवड्यात मी अकरा घरी गेले आणि कारण सांगितलं. एकीनं चहा पुढं केला होता, तो तसाच राहिला. दुसरी म्हणाली, "टीचर, तुम्ही चांगल्या आहात हो, पण..." खालच्या मजल्यावरच्या बाईनं तर विचारलंच, "त्याला दुसरीकडं कुठं ठेवता येत नाही?" सगळीकडं विचारून झालं होतं. कुणी ठेवत नव्हतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर तो गौलीगुड्याच्याच गल्लीत जाऊन उभा राहिला असता.

नव्या पत्त्याच्या नोंदीची शिक्का मारलेली नक्कल घेऊन मी पुन्हा गौलीगुड्याला गेले. या वेळी मुलगी स्वतः दारात आली. उंच झाली आहे. कागद तिनं दोनदा वाचला.

"तुमच्या घरून इथं चालत यायला किती वेळ लागतो?"

खोटं सांगावंसं वाटलं.

"अर्धा तास," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, कागदाची नीट घडी घातली आणि आतून कडी लावून घेतली.