बडोद्यातला उपाशी पाहुणा

कराडहून निघताना माझ्याकडे एक पिशवी, एक काठी आणि एक अट होती. अट मुलीची, मंजिरीची. महिनाभरात साखर उतरली नाही, तर कराडचं घर बंद करून बाबांनी कायमचं बडोद्याला तिच्याकडे राहायचं. मला माझ्या घरातच राहायचं होतं. उजवा गुडघा मात्र वाकत नाही.

डॉक्टरांनी मार्ग आखून दिला होता. जेवण झालं की दहा मिनिटं चालायचं, गुडघा ठणकला की बसून पाय उचलायचे. मंजिरीची सोसायटी बडोद्याच्या कारेलीबागेत. लिफ्टपासून फाटकापर्यंतचा मुलूख मी पहिल्याच दुपारी पालथा घालायला निघालो. निम्म्या वाटेत गुडघ्यानं हात टेकले.

तिथे तळमजल्यावरचे कनुभाई ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले होते, माझ्याच वयाचे. त्यांनी विचारलं, "केम भाऊ, जम्या?"

"कुठलं जमतंय हो!" मी गुडघा चोळत म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! बेसो, बेसो! (बसा, बसा!) सरला, भाऊ माटे थाळी लाव!" (भाऊंसाठी ताट आण.)

त्यांच्या बायकोनं, सरलाबेननी, पुरी, गोड डाळ आणि वाटीभर श्रीखंड आणलं. ज्याचे गुडघे चालत नाहीत त्याला जेवू घालायची इथली रीत असावी, असं मी समजलो. वाढलेलं ताट नाकारायचं नाही ही आमची रीत. दोन्ही रीती तीन दिवस पाळल्या गेल्या.

चौथ्या दिवशी मंजिरीनं माझ्या बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्राकडे बघत राहिली. "बाबा, चालून साखर वाढते कशी?"

मी सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, जम्या म्हणजे जेवलात का! जेवून उठून उपाशी आहे म्हणून सांगताय?" पोटभर हसली, मग म्हणाली, "आता राहाच इथे." मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी कनुभाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. "मने कहेवुं जोईए ने, भाऊ!" (मला सांगायचं ना!) म्हणत ते झोपाळ्यावरून उतरले आणि माझ्याबरोबर चालू लागले. मग रोजच. गुडघा अडला की आम्ही झोपाळ्यावर शेजारी बसून पाय उचलायचो. सरलाबेन बिनसाखरेचा चहा द्यायच्या. तो भिकार असायचा.

महिनाअखेर साखर उतरली. मंजिरीनं तोंड पाडून तिकीट काढून दिलं.

कराडला कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, भात लावला. जेवून घरातल्या घरात दहा मिनिटं चाललो आणि खुर्चीत बसलो. फार एकटं वाटलं. साखर तशीच राहिली असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न बडोद्यात मला एकदाही पडला नव्हता.