काकांचा कोयता

मुलांनो, बाबाच्या कपाळावरचा व्रण कसला, असं काल फोनवर विचारलंत, म्हणून ही आजी लिहिते. बाबा तेव्हा सिंगापुरात फंड सांभाळायचा. आशियातले चांगले शेअर पडेल भावात घ्यायचे आणि थांबायचं, हे त्याचं काम. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे बाबाच्या काकांनी, कडावची भातजमीन विकून पैसे त्याच्या हवाली केले होते, आणि त्याने त्यांच्या नावावर शेअर घेतले होते. बाजार कोसळला त्या आठवड्यात बाबा कर्जतला आलेला. दीर कोयता घेऊनच ओटीवर चढले. “निम्मी जमीन बुडाली रं माजी. आत्ता वीक.” “काका, स्वस्त झाल्यावर विकायचं नसतं, घ्यायचं असतं.” “मला शिकवतो?” म्हणत त्यांनी कोयत्याची मूठ त्याच्या कपाळावर दोनदा हाणली. मी मधे पडले, तर माझं मनगट मोडलं. डोळ्यांत रक्त उतरत असताना बाबा म्हणाला, “तरी विकणार नाय.” पुढे पैसे दुप्पट झाले, पण दीर पुन्हा कधी आमच्याकडे आले नाहीत. ते शेअर अजून त्यांच्याच नावावर आहेत.