पऱ्हाटीवरचं भरीत

लाजणं माझ्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, ठाऊकच नव्हतं. एकोणनव्वद साली भुसावळात आमच्या गल्लीत नवं हॉटेल निघालं. मला घेऊन तिथं जाऊन त्यांनी मागवलं काय, तर वांग्याचं भरीत! पहिल्याच घासाला त्यांनी ताट सरकवलं.

"भाऊ, वांगी गॅसवर भाजली ना?"

पुण्याकडचा मालक हसला. "अक्का, भाजली म्हणजे झालं."

त्या तडक घरी गेल्या आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी डोक्यावर घेऊन परतल्या. ती गल्ल्यासमोर आपटून पुन्हा खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"यावर भाज. मी बसलेय."

मी शरमेनं मान खाली घातली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या तिघांनी आपापली ताटं सरकवली.

मग मीही माझं सरकवलं.