नापासताईच्या इस्त्र्या

तिला सगळे नापासताई म्हणत, आणि तेही तोंडावर. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू गोळा करून गरजूंना देण्याचं केंद्र तिची वहिनी चालवायची. तिथं मागच्या खोलीत नापासताईचं टेबल होतं. मिक्सर, टोस्टर, केटल्या, टेबलफॅन, जे काही येईल ते आधी तिच्यापुढं यायचं. ती वस्तू उलटी करायची, हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकायची, वास घ्यायची आणि मगच स्क्रू काढायला बसायची. पास झालेली वस्तू पुढच्या खोलीतल्या फळीवर जायची. नापास झालेलीची वायर ती मुळापासून कट्टकन कापायची आणि मगच भंगारात टाकायची. न कापता टाकलेली वस्तू कोणीतरी गुपचूप उचलून घरी नेतं, हे तिनं पाहिलं होतं.

"अगं, जरा हात सैल सोड," वहिनी कुरकुरायची. "निम्मं तर तू भंगारातच घालतेस."

"उरलेलं निम्मं तू डोळे मिटून देतेस ना? मग झालं तर."

आधी ती मिक्सरच्या कारखान्यात तपासणीला होती. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा भाऊ म्हणाला, आता घरी आराम कर. वहिनीनं मात्र तिला हाताला धरून केंद्रात आणलं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "कोणी पासच होईना." नणंद-भावजयीचं जमायचं, पण स्वभाव दोन टोकांचे. वहिनीला कोणालाही रिकाम्या हातानं परत पाठवणं जमत नसे. नणंदेला मात्र 'चालतंय ना, मग झालं' हे वाक्य ऐकलं तरी डोकं उठायचं. लहानपणी घरातली इस्त्री हाताला मुंग्या आणायची. आई रबरी चपला घालून कपड्यांना इस्त्री करायची आणि घरातले सगळे त्यावर हसायचे. तिला त्यात हसण्यासारखं काही कधी दिसलं नाही.

एके दिवशी केंद्रात खोकी भरून इस्त्र्या आल्या. गावातलं एक लॉज बंद झालं होतं. तिथं खोलीखोलीत एक अशा त्या होत्या, चांगल्या जड आणि चकचकीत. वहिनी हरखून गेली. मागच्या गल्लीतल्या बायकांना त्या द्यायच्या, म्हणजे घरबसल्या कपडे इस्त्री करून चार पैसे मिळवतील, असं तिनं ठरवलं. शनिवारी कार्यक्रम ठरला, लॉजमालकांना पाहुणे म्हणून बोलावलं, फोटोवालाही सांगून ठेवला.

नापासताईनं पहिली इस्त्री उघडली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मग दुसरी, तिसरी. सगळीकडे तेच. लॉजच्या भिंतीत दोन भोकांचे जुने सॉकेट असणार. म्हणून कोणीतरी तीन पिनांचे प्लग काढून दोन पिनांचे बसवले होते आणि अर्थिंगची हिरवी वायर तोडून टाकली होती. तपासणीच्या दिव्याची वायर इस्त्रीच्या पत्र्याला टेकवल्यावर काही ठिकाणी दिवा मंदसा पेटलाही, म्हणजे करंट पत्र्यात उतरत होता.

"या अशा देता येणार नाहीत," तिनं वहिनीला सांगितलं. "आत काही बिघडलं तर करंट सरळ अंगावर येईल."

"लॉजमध्ये इतकी वर्षं लोकांनी वापरल्याच ना?"

"लॉजमधला माणूस एक शर्ट फिरवून ठेवून देतो. या बायका दिवसभर धरून बसणार, पाणी शिंपडत, ओल्या हातानं."

"मग दुरुस्त कर."

"करते. पण शनिवारपर्यंत होणार नाही. आणि काही कधीच होणार नाहीत."

"शनिवारी देऊन टाकू, मग एकेकीला बोलावून दुरुस्त कर."

"एकदा हाताला काम लागलं की कोण आणून देतंय परत?"

वहिनीचाही पारा चढला. "फुकट मिळतंय त्यांना! त्यात किती खोड्या काढशील?"

"फुकट असली म्हणून शॉक कमी बसतो का?"

"हे बघ, टेबल तुझं असेल, केंद्र मी चालवते. इस्त्र्या शनिवारी जाणार."

वहिनी पाय आपटत निघून गेली. नापासताईनं कटर उचलला आणि एकेका इस्त्रीची वायर कापून टाकली, एकही सोडली नाही.

त्या दिवशी घरी जेवताना वहिनीनं एवढंच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." भावानं आणखी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आपल्या टेबलावर होती.

"तुला येऊ नको म्हटलं होतं."

"ऐकलं मी. आता मला उचलून बाहेर ठेव."

वहिनीनं उचललं नाही, पण बोलणंही टाकलं.

शनिवार आला. पाहुण्यांना बोलावून झालं होतं, म्हणून वहिनीनं टेबलावर पांढरं कापड घालून इस्त्र्या तशाच मांडल्या होत्या. लॉजमालक आले, त्यांनी एक इस्त्री हातात घेतली, उलटसुलट केली.

"यांच्या शेपट्या कुठं गेल्या?"

वहिनीनं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "मी कापल्या. इस्त्र्या चांगल्या आहेत साहेब, वायरी धोक्याच्या होत्या. नव्या बसवूनच देणार."

"म्हणजे मी लोकांना शॉक वाटत होतो?" मालकांचा चेहरा लाल झाला. "नको असतील तर उचलतो मी परत!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक उंच बाई मूल कडेवर घेऊन उठली. "कुठं नेताय? आम्हाला दिल्यात ना? मग आता त्या आमच्या. आम्ही थांबू."

तिच्या शेजारची म्हणाली, "आणि एवढं करूनही मला शॉक बसला, तर इस्त्री आणून ताईच्याच डोक्यावर आपटीन."

"आपट," नापासताई म्हणाली.

बायका हसल्या. मालकांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदर खोचून उभी राहिली. "इस्त्र्या इथंच राहतील, साहेब. चहा घेऊन जा."

त्यांनी चहा घेतला नाही. फोटोही निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर वहिनी नणंदेकडे वळली. "किती दिवस लावणारेस ते तूच यांना सांग. त्यांच्या शिव्या मी खाणार नाही."

नापासताईनं सांगितलं आणि शिव्याही खाल्ल्या. वहिनीनं विजेच्या सामानाच्या दुकानदाराच्या मागं लागून तीन तारांची वायर आणि प्लग मिळवले. एकेक बाई आपली इस्त्री घ्यायला यायची, तेव्हा नापासताई तिला शेजारी बसवून तिच्यादेखत तपासायची. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का हे कोणाला सांगता आलं नाही, तर स्वतः जाऊन बघायची. दोन घरांत तिनं इस्त्री द्यायला चक्क नकार दिला आणि आधी घरमालकाला गाठून सॉकेट बदलायला लावला.

त्या उंच बाईच्या वाट्याची इस्त्री नापास झाली. ती तावातावानं भांडली. "सगळ्यांसाठी मी बोलले आणि मलाच नाही?"

"बोललीस म्हणून करंट तुला ओळखणार आहे का?"

ती रागानं निघून गेली. पुढं एका घरातून चांगली इस्त्री आली, तेव्हा नापासताई ती स्वतः तिच्या दारात घेऊन गेली. बाईनं 'बस' म्हटलं नाही. मात्र इस्त्री उलटी केली, प्लगच्या पिना मोजल्या, आणि मगच आत नेली. नापासताईला ते फार आवडलं.

तुझं बरोबर होतं असं वहिनी कधी म्हणाली नाही. नणंदेनंही माफी मागितली नाही. काही दिवसांनी कोणा मोठ्या माणसाचा फोन आला, घरातल्या जुन्या वस्तू पाठवतो म्हणून. वहिनी ठणकावून सांगत होती, "अवश्य पाठवा. पण आमच्याकडे उघडून बघतात. राग येणार असेल, तर पाठवूच नका."