हेडमास्तरांची मेहुणी आणि भिंतीवरचं लग्न

आमच्या हेडमास्तरांच्या मेहुणीने आयुष्यात एकही वस्तू ती ज्या कामासाठी बनवली होती त्या कामासाठी वापरली असेल, असं मला वाटत नाही. मच्छरदाणीत ती कधी झोपली नाही. मच्छरदाणीचा तिने घेरदार झगा शिवला आणि स्वतः डास मारत बसली. छत्रीच्या काड्यांची तिने कर्णफुलं केली, काळ्या कापडाचा ब्लाउज केला, आणि पावसात भिजत घरी आल्यावर "छत्री अंगात घातली होती ना मी, ताई," असं बहिणीला सांगितलं. शाळेने फाटला म्हणून रद्द केलेला युरोपचा कापडी नकाशा तिने हेडमास्तरांकडून मागून घेतला आणि त्याची खांद्याला लावायची पिशवी शिवली. आता युरोपात देश काही कमी नाहीत, पण पिशवीच्या दर्शनी बाजूला आला तो नेमका पोर्तुगाल. सिल्वासातून पोर्तुगीज जाऊन दहा-बारा वर्षंच झाली होती. त्यांच्या कचेरीत जन्म काढलेले एक म्हातारे कारकून बाजारात तिच्या समोर आले, त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि सवयीने डोक्यावरची हॅट काढली. मेहुणीला वाटलं, पिशवी आवडली. तिनेही वाकून नमस्कार केला.

ती दापोलीची. मॅट्रिक झाल्यावर "चार दिवस बहिणीकडे राहून शहाणी होईल" म्हणून वडिलांनी तिला सिल्वासाला पाठवलं होतं. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि हेडमास्तरांच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचो, त्यामुळे ती शहाणी कशी होते आहे हे मला खिडकीतून रोज दिसायचं. वयाने ती माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान, पण पडली साहेबांची मेहुणी. म्हणून मी तिला अहो-जाहो करायचो. ती मला "सर" म्हणायची आणि त्या एका शब्दाच्या आड राहून वाटेल ते बोलायची. माझ्या कळशीचं तिने केलेलं परीक्षण मी अजून विसरलो नाही. मी वर्गासाठी फळ्यावर कळशी काढली होती, दोन्ही बाजू अगदी तंतोतंत सारख्या. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे हो कळशी, सर. पण बिचारी कंटाळलीय." मुलं हसली. मी तिथे दुसरी कळशी काढली, तीही कंटाळलेलीच निघाली.

दोन बाजू सारख्या असण्याशी तिचं मुळातच वाकडं होतं. ती ब्लाउजची एक बाही कोपरापर्यंत लांब आणि हिरवी ठेवी, दुसरी आखूड आणि ठिपक्यांची. बाजारातल्या गुजराती दर्जीकाकांना तिने पहिला ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा ते रात्रभर झोपले नसावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कापड परत घेऊन ते हेडमास्तरांच्या दारात हजर. "बेन, माप लेवामां मारी भूल थई के तमारी?" भूल कोणाचीच नाही, असंच शिवायचं आहे, हे कळल्यावर त्यांनी हेडमास्तरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरात कोणी आजारी आहे. हेडमास्तर वृत्तपत्राच्या आड गेले. ताईंनी डोक्याला हात लावला. "अगं, लोक काय म्हणतील?" यावर मेहुणीचं उत्तर तयार होतं, "ताई, दोन्ही हात सारखं काम कुठे करतात? मग बाह्या का सारख्या?" लोक काय म्हणाले ते तीन महिन्यांनी दिसलं. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी मोजल्या, सात पोरींच्या बाह्या वेगवेगळ्या होत्या, आणि दर्जीकाका नवीन गिऱ्हाइकाला स्वतःहून विचारत होते, "सरखी के जुदी?"

कपड्यांचं एक वेळ ठीक होतं, पण तिची चित्रं! रंग आणि ब्रश या गोष्टी तिला गौण वाटत. सायकलच्या चाकाला शाई फासून ती कागदावरून सायकल न्यायची आणि त्याला "शनिवार" असं नाव द्यायची. रावसाचे खवले चिकटवून तिने समुद्र केला होता. तो आठ दिवस तिच्या खोलीत होता, नंतर ताईंनी तो नाक धरून अंगणात नेऊन ठेवला. हेडमास्तरांचंही चित्र तिने केलं. एका पुठ्ठ्यावर खडूचे शंभर तुकडे, सगळे मोडलेले, आणि मधोमध घंटेची तुटकी दोरी. हेडमास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा मी?" "नाही भाऊजी, तुम्ही कसे असाल? हा तुमचा आवाज." मी घाईघाईने बूट शोधू लागलो, कारण मला ते चित्र चटकन कळलं होतं आणि हसू दाबणं शक्य नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर ठीक. मार्चमध्ये दापोलीहून वडिलांचं पत्र आलं. एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा खोतांच्या घरचा, दिसायला बरा, अक्षय्य तृतीयेनंतर मुलगी बघायला येणार. त्याच आठवड्यात मेहुणीने मुंबईच्या चित्रशाळेचा प्रवेशाचा फॉर्म मागवला होता, आणि त्यावर पालक म्हणून सही हवी होती. वडिलांनी सगळा भार जावयावर टाकलेला. तिने फॉर्म भाऊजींच्या पुढ्यात ठेवला आणि प्रथमच मी तिला गप्प उभी राहिलेली पाहिलं. तिच्या हाताची बोटं पदराशी चाळा करत होती. चेष्टामस्करीत इतके दिवस न दिसलेली गोष्ट मला तेव्हा दिसली: ही पोरगी मजा करत नव्हती, हिला खरंच दुसरं काही करायचं नव्हतं.

हेडमास्तर गणित शिकवायचे. भूमितीतल्या प्रमेयासारखंच त्यांनी संसारातही प्रत्येक गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय मानली नाही. ते म्हणाले, "तुझी चित्रं तुला एकटीला कळतात. तशी चित्रं काढायला मुंबईला कशाला जायचं? दापोलीतही काढता येतील. या गावातल्या एका माणसाला, शाळेत न गेलेल्या एका साध्या माणसाला, कुणी काही न सांगता तुझं चित्र कळलं, तर मी सही करीन. अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत. आणि पंच हे." म्हणजे मी. चित्रकला शिक्षकाच्या आयुष्यात अशी जबाबदारी सहसा येत नाही. मी लगेच कोट घातला.

पुढचे तीन आठवडे आम्ही चित्रं बगलेत मारून गावभर हिंडलो. दमणहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईपुढे खवल्यांचा समुद्र धरला. तिने वास घेतला आणि म्हणाली, "रावस ताजा व्हता, बाय, पन धुतला नाय बराबर." सायकलवाल्यापुढे "शनिवार" ठेवला. तो खाली बसला, बोट फिरवून त्याने तो नीट न्याहाळला. मेहुणी त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "पाछलो टायर घसाई गयो छे. बदलावी नाखो." मेहुणी म्हणाली, "बघा सर, कळलं की नाही त्यांना!" मी पंच या नात्याने प्रकरण हेडमास्तरांकडे नेलं. त्यांनी निकाल दिला, "त्याला झिजलेला टायर कळला, चित्र नाही." मला तो निकाल पटला होता, पण त्या दिवशी मी घरी जेवताना बायकोवर उगीच चिडलो.

मुदत संपत आली, तेव्हा जवळच्या अथाल गावात माझ्या एका विद्यार्थिनीच्या बहिणीचं लग्न होतं. वारली घर. त्यांच्यात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चारी बाजूंनी नक्षी आणि मधल्या रिकाम्या जागेत देवी. तो काढायचा सवाशिणींनीच. मी मेहुणीला मुद्दाम सोबत नेलं. म्हटलं, जरा मन रमेल. ती भिंतीसमोर बसली ती दुपारभर उठली नाही. बायका बांबूची काडी चावून तिचा ब्रश करत होत्या, पिठात बुडवत होत्या, आणि लग्न लावणारी धवलेरी म्हातारी गाणं म्हणत होती. मेहुणीने शेवटी न राहवून काडीला हात घातला, तेव्हा म्हातारीने तिचं मनगट धरलं. "तू कुवारी ना? देवी काढायची नाय तू. तुझा हात लागला त लगीन बिघडं." मेहुणीने काडी खाली ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी तर्कट उत्तर येणार. पण ती नुसतं "बरं, आजी," म्हणाली आणि पुन्हा बघत बसली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर तालुक्याच्या कामाला गेले असताना तिने क्वार्टरची बाहेरची भिंत गेरूने सारवली आणि तिच्यावर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पांढऱ्या पिठाने चौक काढला. मी कुंपणापलीकडून विचारलं, "हे पंचाने बघायचं का?" "नाही सर, हे कुणासाठीच नाही." तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. चौकाच्या मध्यात देवीची जागा तिने कोरी ठेवली होती. हेडमास्तर आले, भिंत बघून थबकले, आणि सरकारी भिंतीची ही अवस्था कोणाला कशी कळवावी या विचाराने जेवले नाहीत.

आता गंमत अशी, की ती भिंत अथालकडून बाजाराला येणाऱ्या रस्त्याच्या बाजूला होती. रविवारी चारच्या सुमाराला ढोल वाजू लागला. मी बाहेर येऊन बघतो तो चाळीसेक माणसं हेडमास्तरांच्या अंगणात. बायकांनी डोक्यात फुलं माळलेली, कोणाच्या हातात तांदूळ, कोणाच्या काखेत कोंबडी, एकाकडे ताडीचं मडकं. हेडमास्तर बनियनवर बाहेर आले, आत जाऊन कोट घालून पुन्हा आले. "काय झालं? शाळेबद्दल काही तक्रार आहे का?"

पुढे उभा असलेला माणूस माझ्या त्याच विद्यार्थिनीचा बाप होता. तो हसून म्हणाला, "मास्तर, तुमच्या घरी लगीन, आन आमाला सांगितलं नाय?"

"लग्न? कोणी सांगितलं तुम्हांला?"

"सांगायाला कशाला लागतं? भितीवर चौक हाय."

हेडमास्तरांनी भिंतीकडे पाहिलं, मग माणसांकडे, मग पुन्हा भिंतीकडे. मेहुणी दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्यात गर्दीतून धवलेरी म्हातारी पुढे आली. "कोनी काढला?" मेहुणी पुढे झाली आणि म्हणाली, "मी काढला, आजी. लग्न नाहीये. चुकलं माझं." म्हातारी भिंतीजवळ गेली, डोळे बारीक करून एकेक रेघ बघू लागली. मग ती मधल्या कोऱ्या जागेपाशी थांबली आणि वळून म्हणाली, "देवी नाय काढली. आयकलं पोरीनं माझं." आणि तिने मेहुणीच्या डोक्यावरून हात फिरवला. मेहुणी रडायला लागली. मीही रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

हेडमास्तर अजून भिंतीकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं गणित सोडवतानाचा भाव होता. ते मला म्हणाले, "पंच, यांतले शाळेत गेलेले किती?" मी म्हणालो, "एकही नाही, सर." "कोणी त्यांना काही सांगितलं होतं?" "नाही." "आणि रस्त्यावरून जाताना नुसतं पाहून त्यांना कळलं." "चाळीस जणांना, सर." ते आत गेले, फॉर्म आणि शाई घेऊन ओट्यावर बसले, आणि सही करता करता, कोणालाही उद्देशून नव्हे, म्हणाले, "सिद्ध झालं." मग त्यांनी ताईंना हाक मारली, "अगं, शिरा करायला घे. मोठं पातेलं घे. आलेली माणसं अशीच कशी परत पाठवायची?" लग्नाशिवायचं ते लग्न दिवेलागणीपर्यंत चाललं. दर्जीकाकाही आले आणि ढोल वाजवणाऱ्याच्या बाहीचं माप घेऊन गेले. ताडीच्या मडक्याकडे हेडमास्तर गेले नाहीत, एवढं पंच म्हणून मला नमूद करायला हवं. मी गेलो होतो.

हेडमास्तरांनी दापोलीला पत्र लिहून खोतांच्या स्थळाचा विषय मिटवला, आणि जूनमध्ये ती मुंबईला गेली. वापीच्या मोटारीपर्यंत पोचवायला हेडमास्तर, ताई आणि मी असे तिघेच होतो. हेडमास्तरांनी चार वेळा पत्ता सांगितला, ताईंनी डबा दोनदा मोजून दिला. गाडीच्या खिडकीतून तिने बाहेर डोकावून माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही पण चला ना. तुमचंही वय कुठे झालंय?" मी मोठ्याने हसलो. घरी बायको होती, दोन मुलं होती, तपासायला सहावीच्या चित्रांचा गठ्ठा होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मोटार वळणाआड गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की हसलो तो मी एकटाच. तिने ते मनापासून विचारलं होतं.