टेंभुर्णीच्या करडईतली 'नवी कीड'

"थांबा, फवारू नका!" मी बांधावरूनच ओरडलो.

गयाबाईंचा नवरा औषधाचा पंप पाठीवर घेऊन उभा होता, शेजारी गयाबाई. समोर त्यांची दोन एकर करडई, शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. आणि सावलीत आमच्या कृषी कार्यालयाचे साहेब, मोबाइल घेऊन. त्यांना म्हणे 'नवी कीड' सापडली होती. शेतात पाय न ठेवता.

"पिकावर माश्यांच्या दोन जाती आहेत," साहेब म्हणाले. "डोळे चिकटलेली माशी मित्रकीड. दोन डोळ्यांमध्ये फट असलेली, पानावर पोट टेकवते, ती नवी कीड. ॲपवर चेक केलंय. फवारणी आजच."

माझी उभी नोकरी किडे बघण्यात गेली. पण ॲपपुढे मला कोण विचारतो!

ही सिरफिड माशी. पिवळे-काळे पट्टे मधमाशीसारखे, पण पंख दोनच, आणि डंख नाही. हिच्या जाती इतक्या सारख्या दिसतात, की पट्ट्यांचा आकार, चेहऱ्याचा रंग, पाय, सगळं ताडून बघावं लागतं. मी दोन्ही माश्या धरून भिंगाखाली ताडल्या. सगळं जुळलं. फरक फक्त डोळ्यांचा.

"सर, ही एकच जात. नराचे डोळे माथ्यावर भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. ती अंडी घालतेय. त्यातली अळी मावा खाते. फवारलंत तर राखणदारच मरतील."

"ॲप चुकत नसतं," साहेब म्हणाले. वर तोंड करून.

"सर, फवारायचं का न्हाई ते जल्दी सांगा," गयाबाई चिडल्या. "पीक माझं जाईन, तुमचं काय!"

मी त्यांच्या हातात भिंग दिलं. त्या एका फुलावर वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"साहेब, हिकडं या. एक चिकटल्या डोळ्याचा, एक फटीची. दुश्मन हैत म्हणता, मंग हे दोघं जोडीनं काय करून राह्यले?"

साहेब आले नाहीत. त्यांना अचानक फोन आला.

"अहो, उतरवा तो पंप," गयाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

पंधरवड्यात मावा ओसरला. करडई बराबर भरली. साहेबांच्या अहवालात आलं, 'कार्यालयाच्या अचूक निरीक्षणामुळे फवारणी टळली.' सोबत साहेबांचा फोटो. हातात माझं भिंग, भिंगाखाली घरमाशी.

माशी ओळखायला भिंग लागतं. साहेब नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो.